घरी सांगायचं नाही

“सवंगडी!” दत्तोपंत खांबेट्यांनी माझं बाड टेबलावर ठेवलं आणि चष्मा कपाळावर चढवला. “नेर्लेकर, लहानपणी तुम्ही कुणाला ‘ए सवंगड्या, इकडे ये’ अशी हाक मारली होती का?”

“नाही.”

“तुम्हाला कुणी मारली?”

“नाही.”

“मग हा शब्द पुस्तकावर काय करतोय? सवंगडी म्हटलं की मुलांना मराठीचा तास आठवतो. तोही शेवटचा, पोट दुखत असताना घेतलेला.”

एकोणऐंशी सालचा मे महिना. मी नाशिकला पाटबंधारे खात्यात कारकून होतो. वय एकतीस, आणि नावावर एकही पुस्तक नाही. दत्तोपंत आधी गणिताचे मास्तर आणि मग प्रकाशक. त्यांनी मुलांसाठी साहसकथांची सहा पुस्तकांची माला काढायचं ठरवलं होतं, आणि पहिलं पुस्तक मी लिहून नेलं होतं. मालेचं आणि पहिल्या पुस्तकाचंही नाव ‘साहसी सवंगडी’. दिवाळीला माझं पुस्तक येणार, हे मी कचेरीत सांगून बसलो होतो. साहेबांनी तर आगाऊ अभिनंदन करून पेढेही खाल्ले होते, त्यामुळे आता मागे फिरण्याची सोय नव्हती.

पुढे वाढत गेलेल्या त्या मालेत आज माझी एकवीस पुस्तकं आहेत. शाळाशाळांतून मला भाषणाला बोलावतात, आणि विषय बहुतेक ठरलेलाच असतो: मुलांच्या पुस्तकाला नाव कसं द्यावं. हा सवंगड्याचा प्रसंग मी तिथे दत्तोपंतांची नक्कल करून सांगतो. हशा हमखास येतो. पुढचं मात्र कधी सांगत नाही.

“गोष्ट नंतर बघू,” दत्तोपंत म्हणाले. “आधी नाव. सहाही मुखपृष्ठं एकाच कागदावर छापायला शिवकाशीला जायची आहेत जूनमध्ये. त्यावर नाव काय घालू?”

“मुलांना धाडसाची प्रेरणा मिळेल असं—”

“प्रेरणा नको. प्रेरणा त्यांना पंधरा ऑगस्टला मिळते. रस्त्याच्या पलीकडून मित्राला ओरडून सांगता येईल असं नाव हवं. आणि ऐकल्यावर मास्तरांच्या कपाळाला एक बारीक आठी पडली पाहिजे.”

चार दिवस आम्ही नावांवर भांडलो. शेवटी मास्तरांमधला गणितवाला जागा झाला आणि त्यांनी प्रयोग करायचं ठरवलं. पुस्तकाची जाडी किती होईल हे बघायला बाइंडर कोरी पानं शिवून एक नमुना करून देतो, त्याला डमी म्हणतात. दत्तोपंतांनी तशा शहाण्णव पानी पाच डम्या करवून घेतल्या आणि मला घेऊन ते रविवार कारंज्याजवळच्या बोळात कमलताई ओझरकरांच्या वाचनालयात गेले.

कमलताईंचं वाचनालय म्हणजे दोन खोल्या, नऊ कपाटं आणि असंख्य नियम. आलेल्या प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालायचं आणि त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात नाव टाकायचं. चित्रबित्र सगळं आत. प्रत्येकाला नंबर आणि कार्ड. आणि मुलांनी वाचनालयात पुस्तक उघडायचं नाही, नाव बघून मागायचं. “इथं उघडलं की इथंच वाचून होतं,” असं त्यांचं म्हणणं होतं. मुलं त्यांना वचकून असत. मीही होतोच.

“वा! म्हणजे चित्र नाही, आतला मजकूर नाही, फक्त नाव,” दत्तोपंत हात चोळत म्हणाले. “कमलताई, या पाच डम्या काउंटरवर मांडून ठेवा. कुठली किती जण मागतात तेवढ्या रेघा मारा. कुणी मागितलीच तर सांगा, राखीव आहे.”

“ठेवते. पण नंबर घालणार.”

“अहो, कोरी आहेत ती!”

“असू देत. बिननंबराचं पुस्तक माझ्या वाचनालयात राहत नाही.”

चार नावं आमच्याकडे होती. माझं ‘साहसी सवंगडी’, माझंच ‘निसर्गाच्या कुशीतलं धाडस’, दत्तोपंतांचं ‘काळा दरवाजा’ आणि त्यांचंच ‘टेहळणी पथक’. डम्या पाच होत्या. पाचवीवर काय लिहावं म्हणून आम्ही डोकं खाजवत उभे राहिलो, तेव्हा कमलताई खाकी कागद कापता कापता म्हणाल्या, “तुम्ही इतकं डोकं चालवताय, पण मुलं नावानं मागतात कुठं? इकडंतिकडं बघतात नि हळूच विचारतात, ताई, घरी सांगायचं नाही असलं काही आहे का? म्हणजे मी समजते, भुताचं नाहीतर चोरांचं पाहिजे.”

“लिहा तेच,” दत्तोपंत हसत म्हणाले. “पाचवीला ‘घरी सांगायचं नाही’. गंमत म्हणून.”

आठवड्याने आम्ही निकाल बघायला गेलो. ‘टेहळणी पथक’ला सहा रेघा होत्या, ‘काळा दरवाजा’ला नऊ. ‘निसर्गाच्या कुशीतलं धाडस’ची पाटी कोरी. ‘साहसी सवंगडी’ला एक रेघ दिसली तेव्हा मला बरं वाटलं, पण ते पुस्तक एका मुलीने आजीसाठी मागितलं होतं. भजनाचं असेल असा तिचा समज होता. आणि ‘घरी सांगायचं नाही’ला एकेचाळीस!

“आणि ते काउंटरवर नाही, तरी एकेचाळीस,” कमलताई म्हणाल्या.

“नाही म्हणजे?”

“परवा रॉकेलच्या रांगेत मला उशीर झाला, तर आमचे हे बसले होते काउंटरला. नंबर आहे, कार्ड आहे, म्हणजे पुस्तक आहे, असं म्हणून दिलं त्यांनी एका मुलीला. गायधन्यांची निलू. आता आठ दिवसांनी येईल परत. बाहेर गेलंय म्हटल्यापासून तर पोरं जास्तच मागताहेत.”

परत आल्यावर दत्तोपंत आपल्या प्रेसच्या पायरीवर थांबून म्हणाले, “मुलं मागतील. पण पुस्तक घेणार बाप. बापाच्याच तोंडावर लिहायचं की घरी सांगायचं नाही?”

मला तेवढ्यात आशा वाटली. “तेच तर म्हणतो मी. त्यापेक्षा सवंगडी—”

“बाप दोन दिवस रागावेल. मूल दोन दिवस रडेल. मुलाचं रडणं जास्त टिकतं, नेर्लेकर. ठरलं. हेच नाव.”

“बरं. तेच घालू माझ्या पुस्तकाला.”

“तुमच्या पुस्तकाला?” त्यांनी माझं बाड काढून माझ्या हातात दिलं. “तुमची मुलं पहिल्याच पानावर आईच्या पाया पडून, परवानगी घेऊन, स्वेटर घालून निघतात. वाटेत त्यांना भूक लागत नाही. पकडलेल्या चोराला ती संस्कृतात एक श्लोक म्हणून दाखवतात. या नावाखाली हे घातलं तर मुलं मला दगड मारतील. पंधरा दिवसांत नवीन लिहून आणा. नाहीतर मी दुसरं कुणी बघतो.”

म्हणजे नाव इतकं चांगलं मिळालं की लेखकाची गरज उरली नाही. मी कचेरीतून आठ दिवसांची रजा काढली आणि घरी पाटावर कागद मांडून बसलो. माझी मुलं एकदाची न सांगता घराबाहेर पडली, पण तिसऱ्या पानावर त्यांना पश्चात्ताप झाला आणि ती परत आली. दुसऱ्या खेपेला त्यांना नदीपर्यंत नेलं, तिथे त्यांना एक सज्जन गृहस्थ भेटले आणि त्यांनी उपदेश केला. तो गृहस्थ मी होतो हे मला कळत होतं, पण त्याला गप्प करता येईना. सहाव्या दिवशी मी हरलो. कमलताईंना विचारावं, ही मुलं काउंटरला येऊन बोलतात तरी काय, म्हणून वाचनालयात गेलो.

काउंटरपुढच्या बाकावर दोन वेण्या घातलेली, दहा-अकरा वर्षांची एक मुलगी मान खाली घालून खोडरबर चालवत होती. मांडीवर खाकी कव्हराचं पुस्तक. डोळे रडून लाल झालेले, फ्रॉकवर रबराचा चुरा पडलेला.

“ही निलू,” कमलताई म्हणाल्या. “तुमची डमी पेन्सिलीनं भरून आणलीय बघा. वाचनालयाच्या पुस्तकावर पेन्सिल चालवली तर खोडून द्यायचं, नियम आहे. तिला माहीत आहे तो.”

“मला वाटलं, छापायचं राहिलंय,” मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली. “आमच्या भूगोलात पण मधली पानं कोरी आली होती. मग मी आत काय असेल ते लिहिलं. पुढच्या मुलाला कोरं मिळालं तर त्याचे आठ दिवस फुकट जातील ना, काका.”

मी पुस्तक हातात घेतलं. पहिली तीन पानं खोडून झाली होती. चौथ्या पानापासून मोठ्या, गोल अक्षरात पेन्सिल चालली होती ती थेट सत्त्याऐंशीव्या पानापर्यंत. मी उभ्या उभ्या चौथं पान वाचलं. मग पाचवं. सहावं उलटताना माझ्या लक्षात आलं, की आपण श्वास रोखून वाचतोय.

“राहू दे,” मी म्हणालो. “इतकं खोडून तुझा हात दुखेल. मी घरी नेतो आणि खोडून आणून देतो.”

“खरंच?” तिने नाक पुसलं. “सगळं?”

“सगळं.”

“बघा हं नेर्लेकर,” कमलताई म्हणाल्या. “एक अक्षर दिसता कामा नये.” त्यांनी आत काय लिहिलंय ते वाचलं नव्हतं. पुस्तकं वाचत बसले तर लोकांना देणार कधी, असं त्या म्हणत.

घरी जाऊन मी ते सबंध वाचलं. एका गावात नगरपालिकेचा सकाळी आठचा भोंगा एक दिवस वाजत नाही. मोठी माणसं आपापली घड्याळं हलवून बघतात, आपलंच पुढे गेलंय असं ठरवतात आणि पुन्हा चहा घेतात. बाजार उघडत नाही, कचेऱ्या उघडत नाहीत. फक्त शकू नावाच्या मुलीला पक्कं ठाऊक असतं की आठ वाजून गेले, कारण तिला भूक लागलेली असते. ती आणि तिची तीन भावंडं भोंगा वाजवणाऱ्या गणूमामाला शोधायला निघतात. सायकल एकच, म्हणून सारखी भांडतात. शकू कुत्र्याला घाबरते आणि ते कुणाला कळू नये म्हणून सगळ्यांना लांबच्या रस्त्याने नेते, आणि त्या लांबच्या रस्त्यावरच त्यांना चोरांची शिडी सापडते. चोरांनी गणूमामाला भोंग्याच्या मनोऱ्यावर कोंडलेलं असतं, सराफकट्टा उशिरा उघडावा म्हणून. घरी काही सांगायची सोयच नसते, कारण घरच्यांच्या मते अजून आठ वाजलेलेच नसतात.

वाचून मला आनंद झाला असं म्हणायला आवडेल. पण मला हेवा वाटला. कारकुनाला साहेबाचा वाटत नाही इतका हेवा मला दोन वेण्यांच्या एका पोरीचा वाटला. हे मला यायला हवं होतं आणि आलं नव्हतं, येणारही नव्हतं. शेवटच्या पानापाशी मला ते स्वच्छ कळलं.

मग विचार सुरू झाला. खोडायचं तर आहेच, कबूल केलंय. खोडलं की ते जगात कुठेच राहणार नाही. म्हणजे उतरवून ठेवलं तर उलट वाचवल्यासारखंच होईल. शिवाय मुलीने लिहिलं ते कुठे? आमच्या डमीत. डमी दत्तोपंतांची, नाव कमलताईंचं, गोष्ट निलूची. उरला फक्त लेखक, आणि ती जागा रिकामी होती.

रजेचे उरलेले दिवस मी झपाटल्यासारखं लिहिलं, म्हणजे उतरवलं. शुद्धलेखन सुधारलं, दोन प्रकरणांना नावं दिली. तीन खोडलेली पानं तेवढी माझ्या मनाने लिहिली. मग खोडरबर आणून ती डमी पहिल्यापासून शेवटपर्यंत खोडली. बायकोने विचारलं, “एवढं काय खोडताय?”

“चुका,” मी म्हणालो.

पुस्तक कमलताईंना नेऊन दिलं. त्यांनी उजेडात धरून एकेक पान तपासलं आणि म्हणाल्या, “शब्दाला जागलात.”

दत्तोपंतांनी नवं बाड एका बैठकीत वाचलं. चष्मा कपाळावर गेला आणि तिथेच राहिला. “नेर्लेकर, हे तुम्हाला सुचलं कुठून?”

“मुलांमध्ये बसून,” मी म्हणालो.

“सुरुवातीची तीन पानं जरा संथ आहेत. पण पुढे! पुढे तुम्ही कमाल केलीत.”

त्या तीन पानांबद्दल अजूनही समीक्षक हेच म्हणतात.

दिवाळीच्या सुट्टीत ‘घरी सांगायचं नाही’ आलं आणि पहिली आवृत्ती तुळशीच्या लग्नाआधी संपली. दोन बापांनी रागाची पत्रं पाठवली, ती दत्तोपंतांनी चौकट करून प्रेसमध्ये लावली. कमलताईंच्या वाचनालयात एका सकाळी मुलांसाठी माझ्या सह्यांचा कार्यक्रम ठेवला होता. काउंटरमागे मला त्यांचीच खुर्ची दिली होती. शेजारी दत्तोपंत बसले होते, आणि रांग पार बोळापर्यंत गेली होती. साहेबही मुलाला घेऊन आले होते. आयुष्यात इतकं सुख मला त्याआधी झालं नव्हतं, हे कबूल करतो.

रांगेतून एकदम एक मुलगी पुढे घुसली. दोन वेण्या.

“काका! मी ओळखलं होतं!”

“काय ओळखलंस?” मी म्हणालो.

“सगळी गोष्ट! ते कोरं पुस्तक मला आलं होतं ना, तेव्हा मी आत काय असेल ते लिहिलं होतं. तुम्ही खोडलंत बघा, तेच! आणि आता छापून आलं तर तस्संच! शकू पण तीच, गणूमामा पण तोच, शिडी पण तिथेच. फक्त सुरुवात चुकली माझी. तुमच्यात आधी पहाट होते.”

तिचा चेहरा परीक्षेत पहिली आल्यासारखा फुलला होता. दत्तोपंत वळून बघायला लागले. कमलताईंचा हात कार्डावर थांबला. रांगेतली मुलं आळीपाळीने तिच्याकडे आणि माझ्याकडे बघत होती. अगं, ही तुझीच गोष्ट आहे, एवढंच म्हणायचं होतं. ते माझ्या ओठांवर आलं होतं असं पुढे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. आलं नव्हतं. मी साहेबांकडे बघत होतो.

“शाबास!” मी म्हणालो. “अगदी बरोबर ओळखलंस.”

“ऐकलंत कमलताई?” दत्तोपंतांनी काउंटरवर थाप मारली. “याला म्हणतात नाव! नुसतं नाव वाचलं, आणि पोरीला आख्खी गोष्ट कळली!”

सगळे हसले. निलूही हसली. मग काउंटरवर हात टेकून, मला एकट्याला सांगावं तशी म्हणाली, “मी दुसरी पण लिहायला घेतली होती. गणिताच्या वहीत, मागून. पण आता नाही लिहिणार.”

“का गं?”

“असतंच ना सगळं आधी लिहिलेलं? तुमचं छापून आलं की वाचीन.” तिच्या आवाजात दुःख कुठेच नव्हतं, उलट एक कोडं सुटल्याचा आनंद होता. “मला उगीच वाटत होतं, मलाच सुचतंय.”

तिने पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. मला लाज वाटली. पण मागे रांग होती.

“नाव काय तुझं?” मी विचारलं.

“निलिमा गायधनी.”

पहिल्या पानावर मी सावकाश, चांगल्या अक्षरात लिहिलं, ‘चि. निलिमा गायधनी हिला लेखकाकडून सप्रेम भेट’, आणि खाली माझी सही केली.